खळ्यातलं शेवाळ

गेल्या वर्षी गणपतीच्या दोन दिवस आधी मी आमच्या खळ्यात पडले. पडले म्हणजे अगदी रीतसर पडले. हातात दुर्वांची परडी होती, पायात रबरी चपला होत्या, आणि विहिरीकडून पडवीकडे येताना पाय असा काही सटकला की आधी मला आभाळ दिसलं आणि मग माझा डावा हात, भलत्याच बाजूला वळलेला. मनगट मोडलं होतं. हाक मारायची तर कोणाला? आमच्या आळीत पाच घरं. त्यातल्या तीन घरांना वर्षभर कुलूप, माणसं मुंबईला. चौथ्या घरातल्या बाईंना ऐकू येत नाही. पाचवं घर माझं. शेवटी माझी मीच उठले, उजव्या हाताने दुर्वा वेचून परडीत भरल्या, पडवीत येऊन बसले आणि मग रडले.

खळं म्हणजे घरापुढचं अंगण. आमचं खळं जांभ्या चिऱ्याचं आहे. हे घर आम्ही बांधलं तेव्हा यांची नोकरी दापोलीला होती. शनिवारी एसटीने यायचे, रविवारी दिवसभर खळ्यात चिरे बसवायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. गवंडी लावू या म्हटलं तर म्हणायचे, "गवंड्याला उतार कळत नाही." उतार मात्र त्यांनी खरंच सुरेख काढला. कितीही पाऊस पडो, खळ्यात डबकं म्हणून साठत नाही. पण जांभ्याला शेवाळ धरतं त्याला उतार तरी काय करणार? आषाढात चिरा हिरवा व्हायला लागतो आणि भाद्रपदापर्यंत त्यावर मखमल चढते. हे होते तोवर पडवीपासून विहिरीपर्यंत झावळ्या अंथरायचे, म्हणजे त्यांच्यावरून चालता यायचं. उघडीप मिळाली की खराटा आणि चुना घेऊन घासत बसायचे. हे गेल्यावर दोन वर्षं मी झावळ्या ओढल्या. तिसऱ्या वर्षी नारळ उतरवणारा माणूस आलाच नाही, झावळ्या मिळाल्या नाहीत आणि मी पडले.

त्या गणपतीला मुलगा पुण्याहून आला तो माझं प्लास्टर बघून गप्पच झाला. माझा मुलगा आरडाओरडा करत नाही. शांतपणे बोलतो, आणि शांतपणे बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा माझा जुना वैताग आहे. विसर्जन झाल्यावर तो पडवीच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आई, पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा खळ्यात शेवाळ दिसलं, तर गणपती पुण्याला न्यायचा आणि तूही यायचंस. घर बंद करू. मी भांडणार नाही. पण असं चालणार नाही."

मी तीस वर्षं एका सरकारी कचेरीत नकलांच्या खिडकीवर बसले आहे. सातबाराच्या उताऱ्याची नकल मागायला येणारी मोठमोठी माणसं माझ्यासमोर चाचरत बोलायची. म्हटलं, "बंद करायला हे घर म्हणजे काय पेटी आहे? मी इथून हलणार नाही." तो म्हणाला, "बरं." त्याच्या बरंचा अर्थ मला पुरता ठाऊक होता. त्याच्या वडिलांचंही बरं असंच असायचं.

त्या दिवसापासून रोज सकाळी साडेसातला त्याचा फोन यायला लागला. "आई, उठलीस? काठी घेऊन चालतेस ना? खळं ओलं असेल तर विहिरीकडे जाऊ नकोस. पुण्याला येण्याचा काही विचार केलास का?" रोज हेच, आणि ह्याच क्रमाने. मी वैतागायचे. म्हणायचे, "मी काय दूधपिती आहे?" कधी कधी तर मुद्दाम चार वेळा वाजू द्यायचे. पण सात वाजून वीस मिनिटांनी चहाचा कप घेऊन फोनशेजारी येऊन बसायचे, हेही खरं आहे. तेव्हा ते मी कोणाकडे कबूल केलं नसतं.

या वर्षी आषाढात कुरिअरवाला एक खोकं घेऊन आला. आत पोपटी रंगाचं एक यंत्र. प्रेशर वॉशर. लहान बॅगेएवढं, त्याला एक नळी, एक बंदुकीसारखी मूठ, आणि मुठीच्या टोकाला लावायची चार रंगीत तोंडं. संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. व्हिडिओ कॉलवर त्याला माझं फक्त कपाळ दिसतं, त्यामुळे माझा चेहरा बघून काही ओळखायची सोय त्याला नाही. तो म्हणाला, "खाली वाकायला नको, घासायला नको. उभ्या उभ्या धुता येतं. वापरशील ना?"

"वापरीन की," मी म्हटलं. मनात म्हटलं, म्हणजे अट याने घातली आणि हत्यारही यानेच दिलं. आता हरले तर सबब सांगायला जागा नाही.

श्रावणात पाऊस जरा थांबून थांबून पडायला लागला तशी मी कंबर कसली. माहितीपत्रक आधी दोनदा वाचलं. वीज पडवीतल्या प्लगवरून घेतली, प्लग कोरड्यात ठेवला, वायर खुर्चीच्या पाठीला अडकवून उंच धरली. पाणी विहिरीच्या पंपाने पिंपात भरलं आणि पिंपातून यंत्राला दिलं. आमच्याकडे नळाचं पाणी प्यायला आणि विहिरीचं पाणी धुण्याला, हे माझ्या सासूबाईंच्या काळापासून ठरलेलं आहे. नळाच्या पाण्याने खळं धुणारी बाई आमच्या घरात उधळी ठरली असती. त्यातून पावसाळ्यात विहीर अशी काठोकाठ भरलेली असते की वाकून तांब्याने पाणी घ्यावं. ते सोडून नळाला हात लावायचा विचारसुद्धा माझ्या डोक्यात आला नाही.

बटण दाबलं, मूठ दाबली. यंत्र गुरगुरलं आणि नळीतून पाणी आलं. आलं म्हणजे काय, कुंडीला पाणी घालतात तसं आलं. मध्येच उचकी लागल्यासारखं थांबायचं, मग परत यायचं. शेवाळावरून ते पाणी नुसतं वाहून जात होतं. शेवाळ उलट न्हाऊन आणखी हिरवंगार दिसायला लागलं. तासभर मी तिथे उभी होते. तासाने एका चिऱ्याचा कोपरा तेवढा लालसर झाला होता, तोही मी रागाने चपलेने घासला म्हणून.

सकाळी साडेसातला फोन. "आई, मशीन कसं चालतंय?"

"झकास," मी म्हटलं.

खोटं बोलायची मला सवय नाही. दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात माझी नोकरी गेली. पण पाणी नीट येत नाही म्हटलं असतं तर तो लगेच म्हणाला असता, राहू दे, तुला जमणार नाही, मी बघतो. आणि तो बघतो म्हणजे काय बघतो, ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तोंड बदललं. लाल रंगाच्या तोंडातून पाणी सुईसारखं एका धारेत येतं, असं पत्रकात लिहिलं होतं. पिंपही नीट झाकून तिरकं केलं, नळीतले पीळ काढले. धार जरा बरी आली. पण दुरून काही होईना म्हणून मी अगदी जवळ गेले, वीतभर अंतरावर, आणि तुळशीवृंदावनाशेजारच्या चिऱ्यावर ती धार धरली. शेवाळ निघालं! मला असा काही आनंद झाला की मी तशीच धार पुढे ओढत नेली, मग परत मागे, मग परत पुढे. खाली लाल पाणी वाहायला लागलं. वाटलं, वर्षावर्षांची घाण निघतेय. बऱ्याच वेळाने चष्मा पुसून वाकून पाहिलं, तेव्हा कळलं की निघत होता तो चिराच होता.

जांभा वरून कितीही कणखर दिसला तरी आतून भोकाभोकांचा असतो आणि भोकांत मऊ माती असते. त्या सुईने ती माती खणून काढली होती. तीन चिऱ्यांवर बोट जाईल एवढ्या खोबणी पडल्या होत्या. मी यंत्र बंद केलं आणि तिथेच बसले. हे तीन चिरे यांनी एका रविवारी बसवलेले मला आठवत होते. उताराची दोरी धरायला मी होते. एक चिरा त्यांना सात वेळा उचलून परत ठेवावा लागला होता, आणि सातव्या वेळी मी चिडून म्हटलं होतं, "आता राहू दे ना हो, कोण बघणार आहे?" ते म्हणाले होते, "आपण बघणार आहोत." आता बघायला मी एकटी उरले, आणि मीच ते खणून ठेवले. त्या दिवशी मी जेवले नाही.

गणपती बारा दिवसांवर आले होते. शेवटी मी मिरजोळ्याच्या मेकॅनिकला फोन केला. हा माणूस आमचा विहिरीचा पंप वीसेक वर्षं दुरुस्त करतोय. स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, पन्नाशी उलटलीय, आणि बोलायला लागला की थांबत नाही. एरवी त्याच्या बडबडीने माझं डोकं उठतं. त्या दिवशी तो फाटकातून आत आला आणि "काय बाई, बऱ्या हाव ना?" म्हणाला, तेव्हा मला त्याला बसवून जेवायलाच वाढावंसं वाटलं. चार दिवसांत फोनवरचा मुलगा सोडला तर माणसाचा आवाज ऐकला नव्हता.

त्याने यंत्र उलटं केलं, जिथून पाणी आत शिरतं तिथली फिरकी काढली आणि आतून एक बोटाएवढी जाळी बाहेर काढली. जाळी कसली, लाल मातीचा गोळा.

"बाई, तुमी ह्येला पानी कुटचा दिलंनीत?"

"विहिरीचं. आणखी कुठलं?"

तो हसायला लागला. "अवो, पावसाची विहीर! पानी दिसतांय निवळ, पन तेच्यात सगली जांभ्याची माती हाय. तुमच्या पंपाला चालते. ह्येला नाय चालत. ह्येच्या घशात बसते. मशीनला काय एक झालेला नाय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. एवढं पत्रक दोनदा वाचलं, त्यात जाळी साफ करा असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. पण पाणी स्वच्छ असावं हे वाक्य वाचताना मला वाटलं, आमचं आहेच स्वच्छ. आपल्या विहिरीचं पाणी गढूळ आहे असं कोकणातल्या कोणाच्या मनात येईल?

"मग नळाचं देऊ?" मी जिवावर येऊन विचारलं.

"कशाला? ह्यो पडतोय तो काय?" त्याने पन्हळीकडे बोट दाखवलं. पत्र्यावरून पन्हळीत आणि पन्हळीतून खाली, दिवसभर पाणी नुसतं वाहून गटारात जात होतं. त्याने पिंप रिकामं केलं, धुतलं, पडवीच्या कठड्यावर चढवून पन्हळीखाली ठेवलं. उंचावरून पाणी उतरलं की यंत्राला ओढावं लागत नाही, असं म्हणाला. मग म्हणाला, "पिंपाच्या तोंडाला बांधायला पातल फडका हाय काय जुना?"

मी आत गेले. माझ्या साड्या सगळ्या टेरिकॉटच्या, त्यांतून पाणी गळत नाही. ट्रंकेत यांचे दोन पंचे घडी करून ठेवलेले होते. मी एक उचलला आणि बाहेर नेऊन दिला. त्याच्या हातात दिल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय दिलं. त्याने पंचा झटकला, तोंडाच्या मापाला धरला आणि म्हणाला, "फाडू काय, बाई?"

"फाडायचा नाही," मी जरा जोरातच म्हटलं. "आहे तसा बांधा."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि एवढा बडबड्या माणूस काही न बोलता चार पदर करून पंचा पिंपाला बांधू लागला. ओलं झाल्यावर पंच्याला वास येतो का ते मी बघितलं. नुसता पावसाच्या पाण्याचा वास येत होता.

मग त्याने मला शिकवणी दिली. आधी वीज न लावता मूठ दाबून धरायची आणि नुसतं पाणी वाहू द्यायचं, आतली हवा निघून जाईपर्यंत. हवा राहिली की धार उचक्या देते. मग बटण. लाल तोंड चिऱ्यावर पुन्हा लावायचं नाही, पांढरं लावायचं, त्यातून धार पंख्यासारखी पसरते. जवळ जायचं नाही, चिऱ्यापासून हातभर लांब राहायचं, आणि धार सरळ खाली न मारता तिरकी मारायची, म्हणजे शेवाळ मुळापासून सुटतं आणि चिरा राहतो. आधी साबणाचं पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, पण वाळू द्यायचं नाही. आणि घाई नको. एक पट्टा झाला की दुसरा पट्टा त्याच्यावर थोडा चढवायचा, उताराच्या दिशेने, घराकडून गटाराकडे.

"आनि धा मिन्टांनी जाली बगायची," जाताना तो म्हणाला. "माती नसली तरी बगायची. मशीनला बरा वाटतांय."

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती. फोन झाल्यावर पदर खोचला आणि सुरुवात केली. मूठ दाबली आणि यंत्राने माझा हात मागे ढकलला. तोवर मला माहीतच नव्हतं की ह्याच्यात एवढी ताकद आहे. पंख्यासारखी धार शेवाळाखाली शिरली आणि शेवाळ पोळीसारखं उलगडत निघालं. खाली चिरा निघाला, लालभडक, नुकता खाणीतून आणल्यासारखा. हे घर बांधलं तेव्हा खळं ह्या रंगाचं होतं, ते मी विसरून गेले होते. एक पट्टा, दुसरा पट्टा, तिसरा. यांनी काढलेल्या उतारावरून सगळं हिरवं पाणी आपसूक गटाराला जात होतं, मला नुसतं मागून चालायचं होतं. अर्धं खळं झालं आणि मी यंत्र बंद करून मागे वळून पाहिलं. अर्धं हिरवं, अर्धं लाल, मध्ये दोरी लावून आखल्यासारखी रेघ.

"अहो, बघा तरी," मी म्हटलं.

मोठ्याने म्हटलं. म्हणून गेल्यावर ऐकू आलं. पडवीत कोणी नव्हतं. समोरच्या घराचं कुलूप तेवढं होतं, आणि त्याच्या पलीकडच्या घराचं. फोटो काढून मुलाला पाठवावा असं वाटलं, पण मग आधी सांगितलेलं "झकास" खोटं ठरलं असतं. एवढं चांगलं काम झालं होतं आणि ते दाखवायला जगात एक माणूस नव्हतं. मला फार एकटं वाटलं. हे गेले तेव्हासुद्धा एवढं वाटलं नव्हतं, त्या दिवसांत घरात माणसं होती. मग पुन्हा मूठ दाबली आणि उरलेलं अर्धं धुतलं.

चार दिवसांत पायऱ्या, वृंदावन, विहिरीचा कठडा, गडग्याची म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीची आतली बाजू, सगळं झालं. मधल्या वेळेत, दुपारी आडवं होताना, मी उत्तरं तयार करत होते. मुलगा म्हणेल, शेवाळ नाही हे ठीक, पण पुढच्या वर्षीचं काय? मी म्हणेन, पुढच्या वर्षीही हेच हात आहेत. तो म्हणेल, रात्री-अपरात्री काही झालं तर? मी म्हणेन, पुण्यात दहाव्या मजल्यावर काही होत नाही का? तो म्हणेल, नातीला तू हवी आहेस. ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून ह्याचा विचार मी पुढे ढकलत होते. पण बाकीची उत्तरं इतकी झणझणीत होती की कधी तो येतो आणि कधी मी ती तोंडावर फेकते असं मला झालं होतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी तो आला. एकटाच. सुनेला रजा नव्हती, नातीची परीक्षा होती. फाटकातून आत आला आणि थांबला. पायातले बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी खळ्यात उतरून टाच दाबून दाबून चालायला लागला. विहिरीपर्यंत गेला, परत आला. मी पडवीत कमरेवर हात ठेवून उभी होते.

"मानलं, आई," तो म्हणाला. मग वृंदावनाशी वाकला. "ह्या खोबणी कसल्या?"

"ती माझी शिकवणी," मी म्हटलं. तो हसला.

दुसऱ्या दिवशी त्यानेच मूर्ती आणली. दोन्ही हातांत पाट धरून, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, खळ्यातून एक एक पाऊल टाकत आला, आणि त्याचा पाय कुठे जरा सुद्धा हलला नाही. मी उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळायला उभी होते. छाती अभिमानाने भरून आली होती, हे सांगायला लाज कसली? आमचा गणपती दीड दिवसांचा. त्या दीड दिवसात तो खूप काही बोलला. नोकरीचं, गाडीचं, नातीच्या कथ्थकचं. पुण्याला चल, असं मात्र म्हणाला नाही. मी वाट बघत होते. मोदक वाढताना वाट बघितली. आरतीनंतर बघितली. विसर्जनाहून परत येऊन तो पडवीच्या पायरीवर बसला, गेल्या वर्षी बसला होता तिथेच. मी मुद्दाम शेजारी जाऊन बसले.

"आता मला काळजी नाही," तो म्हणाला. "तू मस्त सांभाळतेस सगळं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेला.

माझी सगळी उत्तरं तोंडातल्या तोंडात राहिली.

त्यानंतरच्या सोमवारी सात-वीसला मी चहाचा कप घेऊन फोनशेजारी बसले. साडेसात झाले. पावणेआठ झाले. मला वाटलं, प्रवासाने दमला असेल. मंगळवारी वाटलं, मीटिंग असेल. रविवारी दुपारी फोन आला, बोलणं सगळं छान झालं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी परत आला. म्हणजे आता रविवारचा झाला, हे माझ्या लक्षात आलं. त्याचं तरी काय चुकलं? वर्षभर तो शेवाळासाठी फोन करत होता. शेवाळ मीच काढून टाकलं.

नवरात्राच्या आधी परतीचा पाऊस झाला आणि विहिरीच्या कडेने पुन्हा हिरवं धरलं. मी यंत्र बाहेर काढलं, पंचा बांधला, खळं धुतलं. विहिरीपाशी आले आणि मूठ सोडली. हातभर रुंदीचा पट्टा मी तसाच ठेवला. कशासाठी ठेवला ते मला पक्कं माहीत होतं आणि माझी मलाच शरम वाटत होती. पंधरा हजार अर्जांतली लबाडी ओळखणारी बाई मी, आणि म्हातारपणी असला अर्ज करायला निघाले. तरी तो पट्टा तीन दिवस ठेवला. चौथ्या दिवशी मुलाला मीच फोन केला.

"विहिरीजवळ थोडं शेवाळ धरलंय रे परत," मी म्हटलं.

"असं? मग त्याचा कायमचाच बंदोबस्त करू," तो लगेच म्हणाला. "न घसरणाऱ्या फरश्या मिळतात. माणूस पाठवतो, दोन दिवसांत सगळ्या खळ्याला बसवून देईल. तुला धुवायलाच नको."

मला यांनी सात वेळा उचलून ठेवलेला चिरा दिसत होता.

"आई? आवाज येतोय ना?"

"फरश्या नकोत मला," मी म्हटलं.

"मग काय हवंय? सांग ना."

तीस वर्षं खिडकीवर बसून मी लोकांना म्हणायचे, काय हवंय ते स्पष्ट लिहा, आडून लिहू नका. आता मीही स्पष्टच म्हटलं. "पुण्याला येतेस का म्हणून तू विचारत होतास. ते विचारत जा."

तो अगदी सावकाश म्हणाला, "पण तू नाहीच म्हणणार."

"हो. नाहीच म्हणणार. पण तू विचार."

त्याने श्वास घेतलेला मला ऐकू आला. "आई, पुण्याला येतेस का?"

"नाही," मी म्हटलं. गणपतीआधी तयार केलेली झणझणीत उत्तरं होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "मग उद्या सकाळी परत विचारतो."

फोन ठेवला आणि मी विहिरीजवळचा पट्टा धुवायला गेले.